पोरांच्या हातचं काम प्रोफाइलमध्ये येऊ द्या

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

फैजपूरला माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. त्याआधी टायपिंग इन्स्टिट्यूट होती, मग एमएससीआयटीचे क्लास घेतले, आणि आता सातबारा, शिष्यवृत्ती, पीकविमा, रेल्वेचं रिझर्वेशन, जे येईल ते. म्हणजे पोरांचे नोकरीचे कागद माझ्या हातातून जायला लागून तीसेक वर्षं होत आली. गेल्या पाच-सहा वर्षांत एक नवीन काम वाढलंय, पोरं येतात आणि म्हणतात दादा, लिंक्डइनचं प्रोफाइल बनवून द्या, एकदम प्रोफेशनल पाहिजे. त्याबद्दल लिहायचं खूप दिवसांपासून मनात होतं, मागे घरातच एक गोष्ट घडली म्हणून आता बसलोच लिहायला. पत्र लांबलंय, कापायचं तर कापा, पण पाइपच्या कारखान्याचा भाग तेवढा राहू द्या.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, ही नोकरीधंद्यातल्या ओळखींची वेबसाइट आहे, २००३ साली अमेरिकेत सुरू झाली, २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टने विकत घेतली, आज जगात तिचे शंभर कोटींच्या वर सभासद आहेत आणि अमेरिकेच्या खालोखाल आपल्याच देशातले. मोठ्या शहरातल्या कंपन्यांचे एचआरवाले माणूस पाहिजे असला की तिथे शोधतात. आपल्याकडचा पोरगा पूर्वी पुण्याला जायचा तर काय करायचा, गावातलं कोणी चाकणला नाहीतर भोसरीला असेल तर त्याच्या खोलीवर उतरायचा, आणि तो माणूस आपल्या कंपनीत साहेबांकडे शब्द टाकायचा. ज्याचं तिकडे कोणीच नाही त्याच्यासाठी शब्द टाकणारं आता हे प्रोफाइलच आहे. म्हणून मी ह्याला फॅड समजत नाही, मी ह्याला फार महत्त्वाचं समजतो आणि म्हणूनच ते ज्या पद्धतीने आपल्याकडे बनवून दिलं जातंय त्याचा मला त्रास होतो.

माझा भाचा सावद्याचा, मेकॅनिकल डिप्लोमा झालेला. शेवटच्या वर्षाला असताना एका संस्थेने दोन दिवसांचं वर्कशॉप ठेवलं होतं, संस्थेचं नाव मी लिहीत नाही, माणशी बाराशे रुपये घेतले. साठ पोरं बसली होती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी प्रत्येकाचं प्रोफाइल तयार, सगळे खूश, ग्रुप फोटो वगैरे. मी नंतर त्याच्या वर्गातल्या पोरांची प्रोफाइलं एकेक करून उघडून बघितली तर ओळन् ओळ सारखी, "डायनॅमिक अँड रिझल्ट ओरिएंटेड प्रोफेशनल विथ स्ट्राँग स्टेकहोल्डर मॅनेजमेंट स्किल्स". नाव बदललं, फोटो बदलला, बाकी तेच, एका पोराच्या प्रोफाइलमध्ये तर दुसऱ्याच कॉलेजचं नाव तसंच राहून गेलेलं.

त्या प्रोफाइलवर भाच्याला पुण्याहून इंटरव्ह्यूचा कॉल आला. रात्रीच्या ट्रॅव्हल्सने गेला, सकाळी स्टँडजवळच्या सुलभमध्ये आंघोळ करून कपडे बदलले आणि दहाला कंपनीच्या गेटवर हजर. साहेबांनी समोर कॉम्प्युटरवर त्याचं प्रोफाइल उघडून ठेवलेलं, आणि पहिलाच प्रश्न, स्टेकहोल्डर मॅनेजमेंट लिहिलंयस तर तू नेमकं काय केलंस ते सांग. पोरगा गप्प. मग प्रोसेस ऑप्टिमायझेशनचं विचारलं, परत गप्प. सात-आठ मिनिटांत बाहेर. साहेबांची काही चूक नाही, त्यांनी जे लिहिलेलं होतं तेच विचारलं. पण घरी आल्यावर दोन दिवस पोरगा धड जेवला नाही, बहिणीचा फोन आला की दादा तू बोल बरं त्याच्याशी.

मी त्याला संध्याकाळी दुकानात बोलावलं, शटर अर्धं खाली घेतलं आणि विचारलं, तुला काय काय येतं ते सांग. तर म्हणे, "मले काहीच येत नाही मामा." तीन वर्षं डिप्लोमा केलेला पोरगा हे बोलतोय. मग मी विचारलं की जळगावला एमआयडीसीत सहा महिने जात होतास ते काय करायचास. ते काय, म्हणे, पीव्हीसी पाइपच्या लाइनवर हेल्पर होतो. बरं, पण लाइनवर उभा राहून हाताने काय करायचास.

तेव्हा जो बोलायला लागला तो पाऊण तास बोलत होता. हॉपरमध्ये, म्हणजे मशीनच्या वरच्या नरसाळ्यात, पावडर कशी टाकायची, ती जिथे वितळते त्या बॅरलचं टेंपरेचर प्रत्येक झोनला वेगळं कसं असतं, पाइप डायमधून, म्हणजे त्याला आकार देणाऱ्या साच्यातून, बाहेर आला की पाण्याच्या टाकीतून थंड होत पुढे जातो, पुढे हॉल-ऑफ नावाचं मशीन त्याला ओढतं आणि मग कटर. पाइपावर तपकिरी रेघ दिसायला लागली की समजायचं मटेरियल आतमध्ये जळतंय. ओढायचा स्पीड वाढला की पाइप पातळ होतो, कमी झाला की जाड होतो आणि माल फुकट जातो. आणि पाइप एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला पातळ यायला लागला तर डायचं सेंटरिंग करायचं, म्हणजे एक बोल्ट थोडासा ढिला करायचा, त्याच्या समोरचा तेवढाच आवळायचा, तुकडा कापायचा, चार ठिकाणी व्हर्निअर लावून जाडी मोजायची, नाही जमलं तर परत पहिल्यापासून. हे सांगताना तो उजव्या हाताने हवेत बोल्ट फिरवत होता, किती फिरवायचा तेसुद्धा हाताने दाखवत होता, पाव आट्यापेक्षा जास्त नाही मामा, नाहीतर उलटीकडे जातं.

संपादक साहेब, ह्यातलं एक अक्षर त्या बाराशे रुपयांच्या प्रोफाइलमध्ये नव्हतं. का नाही लिहिलंस विचारलं तर म्हणे वर्कशॉपचे सर म्हणाले हेल्परचं काम टाकू नको, इंप्रेशन डाऊन होतं. मला खरंच राग आला. ज्या पोराला पाइपाकडे बघून आत काय बिघडलंय ते कळतं त्याला तुम्ही सांगता की हे लपव, आणि त्याच्या जागी जे त्याने केलंच नाही ते टाकायला लावता.

मग आम्ही दोघं बसलो आणि सगळं पुसून पहिल्यापासून लिहिलं. नावाखाली जी हेडलाइन असते तिला २२० अक्षरांची मर्यादा आहे, तिथे काही लिहिलं नाही तर वेबसाइट आपोआप तुमचं पद नाहीतर कॉलेज टाकून देते, आणि शोधणाऱ्याला सगळ्यात आधी तेच दिसतं. तिथे आम्ही टाकलं, मेकॅनिकल डिप्लोमा, पीव्हीसी पाइप एक्स्ट्रुजन लाइनवर सहा महिने, डाय सेंटरिंग आणि जाडी तपासणी. एक्स्ट्रुजन म्हणजे वितळलेलं प्लास्टिक डायमधून ढकलून पाइप काढायचं काम, पाइपच्या कारखान्याला माणूस पाहिजे असेल तर तो एक्स्ट्रुजन शब्द टाकून शोधणार, डायनॅमिक टाकून कोण शोधतं. खाली अबाउटमध्ये २६०० अक्षरांपर्यंत जागा असते पण उघडल्यावर सुरुवातीच्या दोन-तीन ओळीच दिसतात, पुढचं वाचायला क्लिक करावं लागतं, म्हणून मशीनवरचं काम पहिल्याच ओळीत घेतलं. भरपूर जागा उरली ती उरू दिली. भाच्याचं म्हणणं होतं हेल्परच्या ऐवजी प्रोडक्शन इंजिनीअर लिहू, मी म्हटलं नाही, कंपनीला फोन करून विचारलं तर काय, हेल्परच लिही, आणि हेल्पर असताना काय शिकलास ते चार ओळींत लिही. इंग्रजी साधंच ठेवलं, त्याला स्वतःला न अडखळता बोलता येईल एवढंच. जो शब्द त्याला मोठ्याने वाचता आला नाही तो काढून टाकला, हा नियम मी आता दुकानात सगळ्यांना लावतो.

तीन आठवड्यांत दोन फोन आले. एक वापीकडचा होता, पाइपवालेच, त्या माणसाने डायबद्दलच विचारलं आणि हा वीस मिनिटं बोलला. नोकरी अजून पक्की नाही, पगारावर अडलंय. पण फोन ठेवल्यावर पोरगा नीट जेवला असं बहीण सांगते.

दुसरी गोष्ट एका ताईंची. बीएस्सी झालेल्या, लग्नाआधी दोन वर्षं केळीच्या टिश्यू कल्चर लॅबमध्ये, म्हणजे बाटलीत रोपं वाढवतात तिथे, होत्या, मग लग्न, दोन लेकरं, पाच वर्षं घरी. आता धाकटा शाळेत जायला लागला म्हणून परत काम बघतायत. माझ्याकडे आल्या त्या अगदी हळू आवाजात, की भाऊ, ही पाच वर्षं कशी लपवायची. कोणीतरी त्यांना सांगितलं होतं की लॅबच्या नोकरीची तारीखच पुढे ओढा. मी म्हटलं असं करू नका, त्याच वेबसाइटवर करिअर ब्रेक म्हणून सरळ पर्याय दिलेला आहे, त्यात मुलांचं संगोपन हे कारणसुद्धा आहे, तेच टाकू. त्यांना विश्वास बसेना, मी स्क्रीन वळवून दाखवली. मग लॅबमधलं काम विचारलं तर लॅमिनार फ्लोच्या, म्हणजे गाळलेली स्वच्छ हवा सोडणाऱ्या कपाटाच्या, समोर बसून चिमटा आणि ब्लेडने रोपाचे तुकडे करून बाटलीत लावायचे, हात स्पिरिटने पुसलेले, चिमटा दर वेळी तापवून घ्यायचा, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बाटल्या उजेडाला धरून बघायच्या, बुरशीचा एवढासा पांढरा ठिपका दिसला तरी ती बाटली बाजूला. सगळं तोंडपाठ, पाच वर्षांनंतरही. आपल्या जिल्ह्यात केळीचं टिश्यूचं रोप लाखांनी लागतं, हे काम येणाऱ्या बाईला पाच वर्षं लपवत फिरायची वेळ का यावी. तेवढंच लिहिलं आणि करिअर ब्रेकच्या खाली एक ओळ टाकली की ह्या काळात घरच्या केळीबागेचा खर्चाचा हिशोब मीच ठेवत होते. ते खरंच होतं, नवऱ्याने शेजारी बसून मान डोलावली.

अजून एक पोरगा, बीकॉम, रावेरकडच्या पॅकहाऊसवर, म्हणजे केळी बॉक्समध्ये भरतात तिथे, तीन सीझन सुपरवायझर. केळी शब्द टाकायला तयार नाही, पुण्यातले हसतील म्हणे. अरे, जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आपल्या तांदलवाडीची केळी २०२१ ला दुबईला गेली, आणि तू तेरा किलोचा एकेक बॉक्स धरून वीस टनांचा कंटेनर भरून देतोस, म्हणजे साधारण दीड हजार बॉक्स, तीस मजूर सांभाळून, लाइट गेलेली असताना, आणि तू लिहितोस काय तर "सीकिंग अ चॅलेंजिंग अपॉर्च्युनिटी". त्याने शेवटी लिहिलं, केळी, कंटेनर, मजूर, सगळं.

आपल्या पोरांना गावाचं आणि मातीतल्या कामाचं असं कमीपण का वाटतं हे मला समजत नाही असं नाही, समजतं. भाषेवरून, इंग्रजीच्या उच्चारावरून पहिल्या दिवशीच कोणीतरी हसलेलं असतं. पण त्यांना कोणी हेही सांगत नाही की विप्रो ही एवढी मोठी कंपनी १९४५ साली आपल्या अमळनेरला वनस्पती तुपाचा कारखाना म्हणून सुरू झाली. भुसावळच्या लोकोशेडला, वरणगावच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत, दीपनगरच्या वीज केंद्रात आपल्याच लोकांनी हाताने काम करून पिढ्या काढल्या. प्रोफाइलमध्ये तालुक्याचं नाव लिहायला काय हरकत आहे.

आता थोडं मोबाइलवरच्या एआयबद्दल, कारण हल्ली निम्मी पोरं तिथूनच लिहून आणतात. मी त्याच्या विरोधात नाही, इंग्रजी व्याकरण सुधारायला ते चांगलंच आहे. पण आधी कामाची माहिती आपण द्यायची. काहीच न सांगता "माझं प्रोफाइल लिही" म्हटलं की ते साठ जणांच्या वर्कशॉपसारखंच लिहून देतं, पुढे इंटरव्ह्यूत तीच गत.

आणि जुन्या बायोडेटाच्या सवयी. मी स्वतः हजारो बायोडेटा टाइप केलेत, जन्मतारीख, वडिलांचा व्यवसाय, जात, उंची, पूर्ण पत्ता, सगळं असायचं. आता पोरं तेच उचलून सगळ्या जगाला दिसेल असं टाकतात, एकाने तर आधार कार्डाचा फोटोच चढवला होता. कृपा करून असं करू नका. जन्मतारीख, घरचा पत्ता, आधार, पॅन ह्यातलं काहीही तिथे नको, मोबाइल नंबरसुद्धा सगळ्यांना दिसेल असा नको. कारण त्यावरूनच ते फोन येतात, तुमचं सिलेक्शन झालंय, रजिस्ट्रेशनचे दोन हजार भरा, लॅपटॉपचं डिपॉझिट भरा. माझ्याच दुकानात एक आई गळ्यातलं गहाण ठेवून तसले पैसे भरायला आली होती, मी हात धरून थांबवलं. नोकरी देणारी खरी कंपनी आधी पैसे मागत नाही, हे तुमच्या पेपरात चौकटीत छापा अशी माझी विनंती आहे.

फोटोसाठी स्टुडिओत जायची गरज नाही, निळ्या पडद्याचा पासपोर्ट फोटो तर नकोच, आणि लग्नातल्या फोटोतून डोकं कापून घेतलेला नको, खांद्यावर दुसऱ्याचा हात दिसतो. मी पोरांना दुकानाच्या पायरीवर सावलीत उभं करतो, चार-साडेचारला, मागे समोरच्या दवाखान्याची पांढरी भिंत, इस्त्रीचा शर्ट, आणि शेजारच्या चहावाल्याला सांगतो मोबाइल डोळ्यांच्या उंचीला धर. बस, तेवढ्यात होतं. आणि प्रोफाइल दहा वेळा बदलणार असाल तर बदल सगळ्यांना कळवायचं बटण आधी बंद करा. कामावर असताना दुसरी नोकरी शोधताय तर तो ओपन टू वर्कचा हिरवा गोल फोटोभोवती लावू नका, फक्त रिक्रूटरला, म्हणजे माणसं भरणाऱ्यांना, दिसेल असा दुसरा पर्याय तिथेच असतो. ज्यांना इंग्रजी बटणांची भीती वाटते त्यांनी सेटिंगमध्ये जाऊन भाषा मराठी करून घ्यावी, सोय आहे.

माझी खरी विनंती मात्र दोघांना आहे. एक कॉलेजवाल्यांना. शेवटच्या वर्षाच्या पोरापोरींसाठी वर्कशॉप घ्या, जरूर घ्या, पण साठ जणांना एक मजकूर वाटू नका. एकेकाला समोर बसवून पाऊण तास फक्त विचारा, उन्हाळ्यात काय केलंस, घरी कोणतं काम तुझ्यावर असतं, कोणतं मशीन उघडलंयस, पैशाचा हिशोब कधी सांभाळलायस. सरांना वेळ नाही मान्य, पण मागच्या वर्षी पास झालेल्या पोरांना बोलवा, ती आनंदाने येतील. आणि ह्याचे बाराशे रुपये घेऊ नका. ह्या पोरांचे आईबाप दुसऱ्याच्या बागेत घड वाहतात.

दुसरी विनंती कारखानदारांना, पाइपवाले, चटईवाले, दाळमिलवाले, पॅकहाऊसवाले सगळ्यांना. तुमच्याकडे पोरगा सहा महिने राबतो आणि जाताना त्याला अनुभवाचा साधा कागद मिळत नाही, मागितला तर म्हणतात कंत्राटदाराकडे जा, कंत्राटदार म्हणतो उद्या ये. त्या वेबसाइटवर शिफारस लिहायची जागा असते, तुमच्या सुपरवायझरचं तिथे खातं असलं आणि तो पोराशी जोडलेला असला की दोन ओळी लिहायला पाच मिनिटं लागतात, ह्याने आमच्याकडे अमुक लाइनवर काम केलं, कामाला बरा आहे. तुमच्या ह्या दोन ओळींना तिकडे वापी-पुण्याला किती वजन आहे ते तुम्हाला इथे बसून कळत नाही. भाच्याच्या सुपरवायझरला मी स्वतः जाऊन भेटलो, भला माणूस निघाला, म्हणाला मला कोणी आजवर मागितलंच नाही. गेटवर उभ्या उभ्याच त्याने मोबाइलवर खातं उघडलं आणि मराठीत लिहिलं तर चालेल का विचारलं. मी म्हटलं चालेल, पण डाय सेंटरिंगचा उल्लेख करा.

हे पत्र निकाल लागायच्या आत छापलं तर बरं होईल, कारण जूनमध्ये परत ती वर्कशॉपं सुरू होतात. दुकान रविवारी बंद असतं पण त्या दिवशी सकाळी ९ ते १२ मी शटर उघडून बसतो, ज्यांना प्रोफाइल करायचंय त्यांनी यावं, पैसे नाहीत. येताना आजवर हाताने केलेल्या कामांची यादी वहीच्या पानावर लिहून आणा, शेतातलं, घरातलं, दुकानातलं, जे असेल ते. यादी मराठीत असू द्या.

आपला नियमित वाचक,
फैजपूर, ता. यावल, जि. जळगाव
(नाव आणि फोन नंबर वेगळ्या कागदावर दिला आहे, भाच्याच्या नोकरीचं अजून चालू आहे म्हणून नाव छापू नये ही विनंती.)